जास्तीचे पाटे

दि. १४ नोव्हेंबर
गॅरेजमधून, दुपारी

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि वहिनी दिवसभर कुरकुरते, पण दोन्ही चालू आहेत. तुझ्या लेकीचं कॉलेज, सासऱ्यांची औषधं, सगळं वेळेवर असेल असं धरून चालतो.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. शिव्या घालू नकोस, गाड्या बघत हिंडत होतो. रोज चालवायला आणि फरशीच्या कामालाही चालेल अशी जुनी पिकअप हवी म्हणालीस. दाजींनी हातात कटर दिला तेव्हापासून तू त्यांच्या बरोबरीनं फरशी बसवत आलीस, आता सगळं काम एकटीनं ओढणार म्हणतेस. ओढशील. लहानपणी हट्टी होतीस, आताही तशीच आहेस. तीन गाड्या पाहिल्या, त्यांचं लिहितो.

पहिली पांढरी. लांबून नुसती नवरी. मालक बोलबच्चन, मी बॉनेट उघडायच्या आधीच शपथा घ्यायला लागला. खाली शिरलो तर चासीला ताजा काळा रंग. गाडीच्या पोटाला ताजा रंग कोण लावतो? ज्याला काही झाकायचंय तो. नखानं खरवडलं तर आत वेल्डिंग. कधीतरी मधोमध मोडलेली होती बया. मी म्हटलं, "शेठ, गाडी विकताय की सांधलेली बरणी?" त्याला हसू आलं नाही.

दुसरी निळी. इंजिन गोड, टायर चांगले, मालक दूधवाला, सरळ माणूस. तुझी वहिनी बरोबर होती, ती म्हणाली, "हीच घ्या, मागून कशी ऐटीत उंच उभी आहे." मी खाली शिरलो आणि बराच वेळ बाहेर आलोच नाही. दूधवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. ही घ्यायची नाही. का, ते पुढे लिहितो.

तिसरी एका रंगाऱ्याची. दिसायला भिकार. हौद्यात दुनियेभरच्या भिंतींचे रंग सांडलेत, दार आपटल्याशिवाय लागत नाही, क्लच बदलावा लागेल. पण तिनं जन्मभर फक्त डबे आणि शिड्या वाहिल्यात. चासी सरळ, मागच्या चाकांवर भार पेलणारे कमानीचे पाटे कंपनीतून आले तसेच. रंगारी म्हणाला, "काका, पाठदुखीनं काम सुटलं, नाहीतर मी हिला विकलं नसतं." माझ्या मते हीच घे.

झालं. इथं पत्र संपवून मी पाकीट चिकटवलं होतं. दोनदा चिकटवलं आणि दोनदा फाडलं. कारण तू शेवटी लिहिलंयस, "दादा, गाडी आली की मागचे पाटे मात्र तुझ्याच हातानं वाढवून दे, ह्यांच्या गाडीला दिलेस तसे." बारा दिवस ती ओळ माझ्या डोक्यातून जात नाही.

नाही वाढवणार. दुसऱ्या कुणाकडूनही वाढवून घ्यायचे नाहीत.

आठवतं ना, फरशीच्या पेट्या भरल्या की दाजींची गाडी मागून बसायची. मी हौसेनं दोन्हीकडे दोन-दोन पाटे जास्तीचे घातले. मग कितीही भरा, गाडी ताठ. तू टाळ्या वाजवल्या होत्यास. पण त्या गाडीत मागच्या ॲक्सलला एक दांडी जोडलेली असते. वजनानं गाडी खाली बसली की ती दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर सोडते. गाडी बसलीच नाही, तर दांडी समजते गाडी रिकामी आहे. म्हणजे भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीचा ब्रेक. म्हणून पाटे वाढवले की दांडी नव्यानं जुळवून घ्यावी लागते. अर्ध्या तासाचं काम. आणि हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं गं.

त्या दिवशी मला मॅच बघायची होती. एवढंच कारण, दुसरं काही नाही. दाजी स्टुलावर बसले होते. म्हणाले, "दादा, काही राहिलं असेल तर करून घ्या, मी थांबतो." मी हात पुसत म्हटलं, "काही राहिलं नाही, सुटा." पुढच्या आठवड्यात जुळवू, असं मनात म्हटलं आणि विसरलो. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, "ब्रेक जरा उशिरा लागतोय का हो?" मी म्हटलं, "तुमचा पायच नाजूक, जोरात दाबा." वर हसलो. तेही हसले.

मग तो उतार, आणि भरलेली गाडी थांबलीच नाही.

तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "कायमची घाई, घाईनंच नेलं ह्यांना." पोलिसांनी 'भरधाव' लिहिलं. साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही मेकॅनिक ना, ब्रेक कसे होते?" मी म्हणालो, "उत्तम. मीच बघायचो." तुझे सासरे शेजारीच होते. मुलाचीच चूक, असं ऐकून त्या माणसानं मान खाली घातली. मी ते बघितलं आणि गप्प राहिलो. अकरा महिने गप्प आहे.

त्या निळ्या गाडीलाही असेच पाटे वाढवलेत, आणि दांडी जुळवलेली नाही. दूधवाल्याला मी तिथल्या तिथे सगळं समजावलं. परक्या माणसाला पाच मिनिटांत सांगून मोकळा झालो, आणि तुझ्यापुढे जीभ उचलली नाही. लाज वाटते.

दाजींना घाई नव्हती. घाई मला होती. ते थांबायला तयार होते.

माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून मागत नाही. रंगाऱ्याच्या गाडीचा क्लच बदलून ठेवतो. माझा हात लागलेली गाडी नको असेल तर दुसऱ्याकडून तपासून घे. पण भार कमी घाल, एकाऐवजी दोन खेपा कर, आणि पाट्यांना हात लावू देऊ नकोस. एवढं माझं ऐक.

दादा


दि. २३ नोव्हेंबर

दादा,

पत्र मिळालं. वाचून गॅसवर धरणार होते, लेकीनं हातातून ओढून घेतलं. तिनंही वाचलं. कालपासून दार लावून बसली आहे, जेवायला हाक मारली तरी येत नाही.

अकरा महिने मी ह्यांच्यावर चिडून आहे. मला धड रडताही आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं की मागोमाग राग यायचा, एवढी कसली घाई होती, आमचा विचारसुद्धा आला नाही? लेकीला मी तेच सांगत आले. "तुझ्या बाबांना आपली पर्वा नव्हती," असंही एकदा बोलले. तुझ्यामुळे बोलले, पण बोलले मीच. ते आता कुणापुढे परत घेऊ?

तुझ्यावर ओरडायला अजून शब्द सापडत नाहीत. सापडतील तेव्हा ओरडेन.

रंगाऱ्याची गाडी घेते. कामं अडली आहेत. तू घेऊन येऊ नकोस, रंगाऱ्यालाच पाठव. क्लच आणि दांडी इथला मेकॅनिक बघेल.

पोलिसांकडे जाऊन सगळं लेखी दे. ह्यांच्या नावापुढे 'भरधाव' राहता कामा नये. मग तुझं काय व्हायचं ते होऊ दे, मी मध्ये पडणार नाही.

पण त्याआधी इथे यायचंस. सासऱ्यांना मी सांगणार नाही, लेकही सांगणार नाही. ते सकाळी दारात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमचा मुलगा बेफाम चालवायचा, आपल्या करणीनं गेला." रोज सांगतात. रविवारी सकाळी ये आणि त्यांच्यासमोर उभा राहा. वर्षभरात त्यांचे कान पार गेलेत, डोळ्यांनाही अक्षर दिसत नाही. हळू बोलून चालणार नाही. ओरडून सांगावं लागेल, दोन-तीनदा सांगावं लागेल. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल.

जाऊ दे.

ह्यांची बायको