पिशवीवरचा शेवटचा हात

बेळगाव, ४ मे २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

टेकडी चढल्याशिवाय तुझा फोन लागत नाही आणि गुडघ्यांमुळे तू चढत नाहीस, म्हणून पत्र. लोणचं पोचलं. मैत्रिणींनी निम्मी बरणी संपवली.

कॉलेजात अतिदक्षता विभागात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी निबंधस्पर्धा आहे. पहिल्या येणाऱ्याला सुट्टीत तिथंच मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकायला मिळतं. मला ते फार हवंय. विषय आहे, उपचार कधी थांबवावेत. मी आतोबांचं लिहिलंय. डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा प्राण घरीच जावा म्हणून तू त्यांना आणलंस. रस्ता संपल्यावर गावानं कांबळ्याच्या डोलीतून नेलं, आणि श्वासाची रबरी पिशवी आळीपाळीनं दाबली, लावणीला एकमेकांच्या शेतात जातो तशी. घरी तू तुळशीचं पाणी पाजलंस आणि त्यांच्या धाकट्या भावानं, परशूकाकांनी, पिशवीवरचा हात काढला. सर म्हणतात, हेच वाक्य निबंधाचा जीव आहे. चालेल ना?

तुझी,
शिल्पा

गुंद, १२ मे

चि. शिल्पास अनेक आशीर्वाद.

लोणचं मैत्रिणींनी खाल्लं की तू, ते मला ठाऊक आहे.

निबंध लिही, पण ते वाक्य काढ. शेवटी हात कुणाचा होता, हे गुंदात आजवर एकानंही विचारलेलं नाही. तरी परशूभावजी गेल्या सुगीला आमच्या शेतात आले नाहीत. बोलवायला गेले तर म्हणाले, वैनी, ज्या हातानं अण्णाचा श्वास सोडला त्यो तुमच्या भाताला लावू व्हय? मला रडूच आलं. थांबा म्हणून त्यांना मीच सांगितलं होतं. नाव घालायचंच असेल तर माझं घाल.

तुझी आत्या

बेळगाव, ९ जुलै

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझंही नाव घातलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून हात काढला, असं लिहिलं. सरांनी नाराजीनं मान हलवली.

निकाल लागला. मला काही मिळालं नाही. परीक्षकांचा शेरा आहे की निबंध चांगला, पण निर्णय नेमका कुणी घेतला ते कळत नाही. माझ्या वर्गातला निखिल पहिला आला. मी खूप रडले, तुझ्यापासून काय लपवू? निबंध मराठीत उतरवून सोबत पाठवते.

तुझी,
शिल्पा

गुंद, १९ जुलै

चि. शिल्पास अनेक आशीर्वाद.

तुझी संधी गेली याचं वाईट वाटतं. मी अडवलं नसतं तर मिळाली असती, हेही कळतं.

निबंध परशूभावजींना वाचून दाखवला, शेऱ्यासकट. ते दारातच उभे होते. आम्ही सगळ्यांनी, हे आलं तिथं परत वाचायला लावलं. मग विचारलं, येवढी शिकलेली माणसं, त्यांनाबी कळलं न्हाई व्हय? मी म्हटलं, नाही कळलं.

काल ते आमच्या लावणीला आले. दुपारपर्यंत वाकून रोपं लावली, नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढे. संध्याकाळी म्हणाले, पोरीला लोणचं संपलं असंल, ह्या खेपेला बरणी मी भरतो. त्यांच्याच हातानं भरलेली पाठवत आहे. मैत्रिणींना देऊ नकोस.

पावसात जपून राहा, आणि आत्यावर राग धरू नकोस.

तुझीच,
राजेश्वरी आत्या