उष्ट्यावरची झुरळं

४ जानेवारी
आज झालं ते असं:
१. सकाळी सोलापुरात पोचले. होटगी रोडवरच्या घराची वरची खोली मिळाली. उजेड भरपूर आहे.
२. मालक शिवराज बंगळूरहून फोनवर बोलले. त्यांनी पाळलेली टॅरंटुला कोळीण आणि तिच्या खाद्यासाठीचं झुरळपालन सांभाळायचं. कीटकशास्त्र शिकून पहिल्यांदाच मनासारखं काम मिळालं.
३. त्यांच्या आई चंद्रिकाबाई यांनी कडक भाकरी, शेंगाचटणी वाढली. उष्टी भाकरी उरलेलं ताट उचलायला गेले, तर त्यांनी हात धरला. "हितं पोरींनी ताट उचलायचं न्हाय, तंगी. मी हाय की."
४. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. कोळिणीलाही त्या तंगीच म्हणतात. हसू आलं.

७ जानेवारी
कोळीण खात नाही. डुबिया जातीची झुरळं तशी सोयीची. ती उडत नाहीत, काचेवर चढत नाहीत. पण धक्का लागला की मातीत घुसून बसतात, म्हणून एकाचं डोकं चिमटून ते तिच्यापुढे टाकलं. तिने पायाने बाजूला सारलं. मग लाल, पळणारी जात आणली. हालचाल पाहून झडप घालेल असं वाटलं, पण ती कोपऱ्यात सरकली. कात टाकण्याआधी कोळी उपास धरतात, पण तेव्हा पोटाची कातडी काळवंडते. हिची तशी नाही. ऊबही बरोबर आहे.

शिवराज म्हणाले, ती पहिल्यापासून नखरेल. आधीच्या मुलीला, रेश्माला, जमलं होतं. रेश्मा कंटाळून मोहोळला घरी गेली म्हणे.

१० जानेवारी
बाईंनी ओट्याखालच्या त्यांच्या डब्यातून एक झुरळ आणून टाकलं. कोळिणीने ते तत्काळ धरलं. जात डुबियाच, आकार माझ्याकडच्यांएवढाच. म्हणजे फरक खाद्याचा. झुरळाला जे घालावं तेच शेवटी कोळिणीच्या पोटात जातं. काय घालता, असं विचारलं. घरचंच की, म्हणाल्या. झाकण मात्र उघडू दिलं नाही. उघडायला काय हरकत होती?

१५ जानेवारी
बाई गड्ड्याच्या जत्रेला गेल्या तेव्हा डबा उघडला. आत मधोमध पुठ्ठा लावून दोन कप्पे केले आहेत. डावीकडे भाकरीचे जुने, वाळलेले, कोणीतरी चावलेले तुकडे आणि मोजकी झुरळं. उजवा कप्पा भरलेला. तिथले तुकडे ताजे. माझ्या पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला आहे, त्यामुळे चावलेल्या जागी एक उंचवटा राहतो. उजवीकडच्या प्रत्येक तुकड्यावर तो आहे.

किळस आली नाही. उष्टं वाया घालवण्यापेक्षा बरं. पण मग लपवायचं कशाला? आणि डावीकडचे दात कोणाचे?

१९ जानेवारी
भूक लागत नाही. ताप नाही, पोट बिघडलेलं नाही. जीन्स कमरेत सैल झाली आहे. बाई आता उजव्या कप्प्यातली झुरळं देतात आणि कोळीण ती आवडीने खाते.

काल बाई वळसंगला गेल्या होत्या. मी कोळिणीला मुद्दाम काही टाकलं नाही. दुपारी मला कडकडून भूक लागली, पोटभर जेवले. आज तिला झुरळ मिळालं आणि मला घास गिळवेना. योगायोग असेल. पुन्हा करून पाहायला हवं.

२२ जानेवारी
पुन्हा केलं. तसंच झालं. तिने खाल्लं की माझं पोट भरतं.

भांडी घासायला येणाऱ्या केराबाईंना रेश्माबद्दल विचारलं. त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाल्या, "ती बी पोट भरलंय म्हनायची. लई गोड पोर. तिच्या भावानं खांद्यावर टाकून नेली, बाई. कापसाची गादी न्यावी तशी."

बाईंना सरळ विचारलं. त्या भाकरी थापत राहिल्या. "उपाशी तर न्हाईस की? पोट भरलेलंच असतंय ना?" मग म्हणाल्या, पोरगं पाडव्याला येतंय, जीव आहे त्याचा कोळिणीवर. तोवर ती जगायला पाहिजे.

माझ्याबद्दल काहीच म्हणाल्या नाहीत.

२४ जानेवारी
ताट स्वतः धुतलं. उजवा कप्पा अजून भरलेला आहे. मी झुरळं मारायला गेले — हात डब्यावर होता — पहिलं चिरडलं आणि पोटात अशी कळ आली की —

बाकीची तशीच आहेत.

२५ जानेवारी
केराबाई आल्या नाहीत. बाई म्हणाल्या, तिला येऊ नको म्हणून सांगितलं.

शिवराजना फोन केला. ते हसले. म्हणाले, आई जुन्या वळणाची आहे, तिला सांभाळून घ्या.

बॅग भरली आहे. दाराला कुलूप नाही. फक्त — मी इथून गेल्यावरही कोळीण ती झुरळं खातच राहिली तर? लांब जाऊन सुटतं का? रेश्मालाच माहीत असेल.

२६ जानेवारी
आरशात गळ्याची हाडं दिसतात. पेज केली, दोन चमचे — उलटून पडली.

केराबाईंकडून त्या दिवशीच घेतलेला रेश्माचा नंबर. फोन कोणी उचलत नाही. निरोप पाठवते, आधी इथे लिहून. बोटं नीट चालत नाहीत.

रेश्मा, मी होटगी रोडच्या घरी तुझ्या जागी आले आहे. मोहोळला गेल्यावर तुला भूक लागली का? हो किंवा नाही, एवढंच. तू बोलू शकत नसशील तर तुझ्या भावाने कळवावं. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं. त्यापुढे मला जिना उतरता येईलसं वाटत नाही.

खाली डब्याचं झाकण वाजलं. आज मी कोळिणीला काही टाकलेलं नाही, आणि माझं पोट भरत —