बोल्टवरचा ठिपका

मंगळवार, १२ तारीख

बाबा,

नमस्कार. आणि नाही, मला ते अजून पटलेलं नाही. परवा फोनवर तुम्ही म्हणालात की सव्वीस वर्षांची बंद गाडी म्हणजे खायला काळ नि भुईला भार. मी "अहो पण" म्हणेपर्यंत तुम्ही फोन आईच्या हातात दिलात. दीड वर्ष आपलं भांडण असंच चाललंय. माझी बाजू निम्मी सांगून झाली की पलीकडून आईचा आवाज येतो, जेवलास का. म्हणून पत्र लिहितोय. हेही तुम्ही तिच्याकडे सरकवाल, पण तिचा चष्मा कायम हरवलेला असतो, तेव्हा वाचावं तुम्हालाच लागणार.

नववीतून सुटलेल्या माणसाचं लिहिणं आहे, जरा सांभाळून घ्या.

आधी खुशाली. मी बरा आहे. आल्या आल्या सहा महिन्यांत तीन कामं सोडली हे खरं. गोदाम सोडलं, गाड्या धुणं सोडलं, एका ठिकाणी तर दुपारच्या सुट्टीत बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. पण या गॅरेजात अकरा महिने झाले. एका जागी बूड टिकत नाही असं तुम्ही म्हणायचात ना, आता टिकतंय, कारण इथे बसायलाच मिळत नाही. आधी नुसते भाग धुवायला द्यायचे, आता इंजिन खोलायला देतात. खोलीत आम्ही चौघं. माझी खाट खिडकीपाशी, म्हणजे उजेडही माझा आणि थंडीही माझी.

आमचा मोठा मिस्त्री साठीचा आहे. बोलतो कमी, खोकतो जास्त. इंजिनाला कान लावून सांगतो काय झालंय ते, आणि माणसांचं मात्र तीनदा सांगितलं तरी ऐकत नाही. तुमचं आणि त्याचं छान जमेल.

आता गाडी. भंगारवाला पुढच्या रविवारी, २४ तारखेला, नेणार आणि विसार म्हणून पाचशे देऊन गेलाय, हे ताईनं सांगितलं. तुम्ही नाही सांगितलंत. बाबा, तो वजनावर नेणार. ताईनं सोफ्याच्या उरलेल्या कापडाची सीटकव्हरं शिवली, ती तो काट्यावर ठेवणार आहे का? मागच्या काचेचं हँडल आपण जुन्या कपाटाच्या कडीचं केलं. डिकी वर राहत नव्हती म्हणून आईच्या झाडूचा दांडा कापला, आणि आई आठवडाभर वाकून झाडत होती. हॉर्न तुमच्या जुन्या बसचा. गल्लीत वळलात की पलीकडची मास्तरीणबाई पोरांना घरात ओढायची, तिला वाटायचं बसच आली. याचा भाव काय लावलाय त्यानं?

माझी पापं पण त्याच गाडीत आहेत, कबूल. स्प्रिंगा कापून ती खाली बसवली, मग प्रत्येक गतिरोधकावर सगळ्यांना उतरावं लागायचं. तुम्ही म्हणालात, ही गाडी आहे की रुसलेली म्हैस. सायलेन्सर मोकळा केला तेव्हा तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच वेल्डिंगवाल्याकडे नेऊन जुना बसवून आणलात. पैसे त्याचे तुम्ही दिलेत आणि मला फक्त म्हणालात, गाडी आपल्याला ऐकू आली पाहिजे, गावाला नाही.

आता एक सांगतो, रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. तुम्ही त्या गाडीवरचं कव्हर दीड वर्षात उचललेलं नाही. ताईनं उचललंय. तुम्ही सकाळी फिरायला गेलात की ती खाली जायची. मी फोनवरून सांगायचो, ती करायची. चारही प्लग काढून तिनं आत थोडं थोडं ऑइल सोडलं आणि पाच दिवस तसंच ठेवलं. मग पुढच्या पुलीच्या बोल्टाला मोठा पाना लावून त्याच्या दांड्यात नळाचा पाइप घालून रेटलं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला, मी दात घासत होतो. ती एवढंच म्हणाली, "हललं रे."

तुम्ही म्हणाला होतात इंजिन जाम झालं, संपलं. संपलं नाही बाबा. दोन पूर्ण फेरे फिरलं.

मग तिनं खालची ऑइलची टाकी सोडवली. शिवणाऱ्या बाईचे हात, एक बोल्ट हरवला नाही. बेअरिंगचे फोटो मी मिस्त्रीला दाखवले. तो म्हणाला, बेअरिंगं गेली, पण क्रँकवरून, म्हणजे पिस्टनखालच्या फिरत्या दांड्यावरून, बहिणीला नख फिरवायला सांग, नख अडकलं तर विसरा, नाही अडकलं तर गाडी उभी राहील. तिनं चारही जागी फिरवलं. नख अडकलं नाही. नुसत्या पॉलिशवर भागेल म्हणतो.

म्हणजे गाडी होण्यासारखी आहे. तुम्हीच ती करू शकता, तिथल्या तिथे, अंगणात. तुम्ही म्हणणार मी आता त्यात हात घालत नाही. का घालत नाही, त्यावरच हे पत्र आहे, आणि मी मघापासून झाडूचा दांडा सांगत बसलोय.

तर पहिली गोष्ट. मावशीकडे जाताना गाडी वाटेत बंद पडली, त्या दिवशी ऑइल संपल्याचा लाल दिवा लागला असणार आणि मला दिसला नाही, असं तुम्ही म्हणालात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पण गेलात. दिवा लागलाच नव्हता. मी मीटरच्या मागे ते निळे दिवे बसवले ना, तेव्हा त्या लाल दिव्याची वायर माझ्या हातून सुटली होती. पुन्हा लावायची राहिली. तुमचे डोळे ठीक आहेत.

शुक्रवार, १५ तारीख

पत्र दोन दिवस उशीखाली होतं. वाटलं होतं एवढ्यावर पाकीट बंद करावं. वायरीचं सांगितलं, तेही काही कमी नाही. पण रात्रपाळीहून आलो आणि झोप लागेना, म्हणून पुढचं लिहितोय.

आपल्या घरची रीत होती. बोल्ट पूर्ण आवळला की त्याच्यावर ताईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका, अर्धा बोल्टावर, अर्धा खालच्या लोखंडावर. ठिपका म्हणजे आवळला. ठिपका नसेल तर आवळलेला नाही, मग कुणी शपथ घेतली तरी. मी इथे हे सांगितलं तेव्हा सगळे हसले, आणि आता सगळे करतात. फक्त मिस्त्री रंग पांढरा वापरतो.

मावशीकडे जायच्या आदल्या दिवशी आपण ऑइल बदललं. जुनं ऑइल गळून झालं, तेवढ्यात तुम्ही चालवायचात त्या शाळेच्या व्हॅनच्या मालकाचा फोन आला आणि तुम्ही आत गेलात. मी गाडीखाली होतो. ऑइलच्या टाकीचा खालचा बोल्ट मी हातानं फिरवून बसवला. पाना घेणार, इतक्यात ताई वरून ओरडायला लागली की तिला मैत्रिणीच्या लग्नाला जायचंय, नेलपॉलिशची बाटली दे. तळाशी जेमतेम राहिलं होतं. मी म्हटलं, आधी ठिपका देऊन टाकू, बाटली वर देऊ, मग आवळू. ठिपका दिला. बाटली द्यायला वर गेलो. ताईशी वाद घातला, पाणी प्यायलो, आणि मग दोस्त आला म्हणून तसाच बाहेर पडलो.

तुम्ही परत आलात, वाकून बघितलंत, ठिपका दिसला, आणि नवीन ऑइल ओतलंत.

तुमच्याच नियमाप्रमाणे वागलात. चूक माझी होती.

दुसऱ्या दिवशी तो बोल्ट वाटेत गळून पडला आणि ऑइल सांडून इंजिन जाम झालं. गाडी ओढून घरी आणली तेव्हा तुम्ही खाली शिरलात. मी टॉर्च धरून उभा होतो. बोल्टाच्या जागी नुसतं भोक होतं आणि कडेला अर्धा लाल ठिपका. मग तुम्ही बाहेर आलात आणि हात पुसत म्हणालात, "फोनच्या गडबडीत ठिपका मीच दिला असणार. न आवळता दिला. मला आठवतच नाहीये."

बाबा, तुम्हाला आठवत नव्हतं कारण ते तुम्ही केलंच नव्हतं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं, खरंच. पण तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर बोललो असतो. तुम्ही एकदम म्हाताऱ्यासारखे पायरीवर बसलात आणि मी टॉर्च विझवून आत गेलो. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही व्हॅनच्या किल्ल्या मालकाला देऊन आलात. बोल्ट विसरणाऱ्यानं लोकांची पोरं नेऊ नयेत, एवढंच म्हणालात. एकतीस वर्षं गाडी चालवलीत, कुणाला ओरखडा नाही, आणि एका ठिपक्यानं किल्ल्या ठेवल्यात. त्यानंतर सांगणं आणखी अवघड झालं. महिन्यानं मी इकडे निघून आलो. सगळ्यांना वाटलं पोराला कामाची अक्कल आली. मी पळालो होतो.

आई सांगते, तुम्ही दाराचं कुलूप तीनदा ओढून बघता. गॅस बंद केला की कागदावर लिहून ठेवता. डॉक्टर म्हणाला तुमची स्मरणशक्ती त्याच्यापेक्षा चांगली आहे, तर तुम्ही म्हणालात तो मन राखायला बोलतोय. तो खरं बोलतोय. आपल्या सगळ्यांत खोटा मी एकटाच होतो.

मिस्त्रीला मी हे सांगितलं, पण एका ओळखीच्या मुलाची गोष्ट म्हणून सांगितलं. तो पिस्टन पुसत ऐकत होता. म्हणाला, "बोल्ट माझाही राहिलाय. पण मी त्याच दिवशी शिव्या खाल्ल्या, म्हणून आज मिस्त्री आहे. तुझ्या त्या ओळखीच्याला म्हणावं, घरी कळव." मग खोकला आणि पुन्हा पिस्टन पुसायला लागला. काल बेअरिंगचा सेट समोर ठेवला, म्हणाला हा तुझ्या ओळखीच्याच्या गाडीला बसतो, माप मी बघितलंय, रविवारी तू पैसे दे, सोमवारी पार्सल जाईल.

तर आता काय करायचं ते लिहितो. भंगारवाल्याला नाही म्हणून सांगा. क्रँकच्या पॉलिशसाठी इंजिन उतरवावं लागेल. ताईचा एक हात आहे, दुसरा तुमचा. ताईला सांगितलंय की घट्ट करायचं काम तुमचंच. तुमच्या हाताला किती आवळायचं ते पान्याआधी कळतं, हे मी इथे चार मिस्त्र्यांना सांगून बसलोय, आता मला तोंडघशी पाडू नका. मी पुढच्या महिन्यात आठ दिवसांची सुट्टी मागितलीय. तोवर इंजिन चढवू नका, माझ्यासाठी तेवढं ठेवा. स्प्रिंगाही पूर्ण उंचीच्या शोधून ठेवल्यात, जुन्याच आहेत पण धड आहेत, येताना आणतो.

व्हॅनचा मालक अजून आईला विचारतो तुम्ही कसे आहात म्हणून. तो खुशालीसाठी विचारत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. त्याला मी काही सांगितलेलं नाही. मी काय केलं ते तुम्ही त्याला सांगितलंत तरी चालेल. आईला आणि ताईला मी स्वतः फोन करून सांगणार आहे, रविवारी, २४ तारखेला, संध्याकाळी. त्या वेळी तुम्हाला मला जे बोलायचं असेल ते सगळं बोला, मी ऐकून घेईन, मधे बोलणार नाही. दीड वर्षांचं साचलंय, थोडक्यात उरकू नका.

मला माफ करा असं लिहायचं होतं, तीनदा लिहून खोडलं, कारण ते लिहिलं की तुम्ही लगेच बरं म्हणाल. लगेच नका म्हणू. आधी गाडी करा.

सोबत पैसे पाठवतोय त्यात भंगारवाल्याचा विसार परत करायचा आहे, बाकी पॉलिश, गॅस्केट, ऑइल आणि फिल्टर. बेअरिंगचे मी इथे भरतोय. नवीन फोन घेणार होतो त्याचे आहेत हे पैसे, जुना अजून चालतो, फक्त ओरडून बोलावं लागतं.

तुमचा, चुकलेला पण पत्ता ठाऊक असलेला,
धाकटा

मनीऑर्डर: आठ हजार चारशे.