फाटकाच्या आतला पूर

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले होते. पेनाचं टोपण कपाटाखाली गेलं होतं, आणि ते कपाटही आमचं नाही. ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला उतरला का, की अजून ते खोकून खोकून शेजाऱ्यांना उठवताहेत? आम्ही इकडे सुखरूप आहोत, म्हणजे पत्रात सुखरूप लिहायची जी पद्धत आहे तितपत.

मागच्या महिन्यातला पूर ओसरला तरी आमच्या गटारांतला गाळ अजून तिथेच मुक्कामाला आहे. तशात समुद्रात नवं वादळ उठल्याची बातमी आली. नगरपालिकेने लगोलग कर्णा लावलेली गाडी फिरवली. घाबरू नका, असं ती गाडी इतक्या भेसूर आवाजात सांगत होती की न घाबरलेले लोकही विचारात पडले. आमच्या कोपऱ्यावर ती गाळात रुतली. मग सगळी गल्ली बाहेर येऊन तिला ढकलत होती आणि वर कर्णा सांगत होता की नागरिकांनी कृपया रस्त्यावर येऊ नये.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी तुला आठवत असतील, ज्यांना सगळे कप्तान म्हणतात. (त्यांनी उभी हयात धक्क्यावर होडीची तिकिटं फाडण्यात घालवली. होडीत ते कधी बसले नाहीत, त्यांना चक्कर येते.) त्यांनी सभा घेतली. फाटकाला वाळूची पोती लावायची, तळमजल्याने सामान वरच्यांकडे हलवायचं आणि पंप लावून गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून ठेवायची, असं ठरलं. पंपाची जबाबदारी स्वतः कप्तानांनी घेतली. सामान वर न्यायचं ठरताच वरच्या मजल्यांवर एकेकाला अडचणी सुचू लागल्या. कुणाच्या घरी रंग ओला होता, कुणाच्या आईला आवाज सोसत नव्हता. राहता राहिलो आम्ही. आमचे हे भिडस्त, हे तुला वेगळं सांगायला नको. तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी त्यांना नुसतं नमस्कार म्हटलं, आणि संध्याकाळी त्यांच्या दवाखान्याची अख्खी खुर्ची, दिवा, चूळ भरायचं भांडं आणि औषधांच्या कपाटासकट, आमच्या बैठकीत होती. डॉक्टर स्वतः सासुरवाडीला गेले. हे त्या खुर्चीत बसून पेपर वाचतात आणि मधूनच नकळत आ करतात.

आता शिलाईवाल्या मावशींचं सांगते. तळमजल्यावर एकट्या राहतात, एक खोली आणि एक मशीन एवढाच संसार. मागच्या पुरात आम्ही लग्नाला गेलो होतो तेव्हा त्या कप्तानांच्या दाराशी गेल्या. कप्तानांनी नवी फरशी बसवलेली, म्हणून त्यांना जिन्यातच बसवलं. वर खिडकीतून पाऊस, खाली पाणी. मशीन बुडालं. नंतर त्यांनी ते पुर्जा पुर्जा सुटा करून, पुसून, तेल घालून परत चालतं केलं. या खेपेला मी बोलवायला गेले तर पलंगावर पाय वर घेऊन काजं करत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मागच्या वेळी लोकांच्या जिन्यात भिजले. या वेळी निदान आपल्या पलंगावर भिजेन."

पण मीही तुझीच बहीण. म्हटलं, वादळात खिडक्यांना जाड पडदे नकोत का, आजच शिवून हवेत, आणि मापं घेत घेत शिवायचे तर मशीन वरच आणावं लागेल. मावशींनी मला नीट न्याहाळलं आणि कात्री उचलली. बघ, कसं युक्तीने वर आणलं की नाही त्यांना?

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं, पाऊस लागला. मावशी खिडक्या मापत होत्या, हे खुर्चीत होते. कप्तान पंप चालू करून वाऱ्याची दिशा पाहायला गच्चीच्या दुसऱ्या टोकाला रुमाल धरून उभे राहिले. दिशा काही ठरेना. टाकी भरली, मग उतू गेली, आणि ते सगळं पाणी धो धो अंगणात उतरलं. त्यात पावसाचं मिळालं. बाहेर जायला वाट कुठे होती? फाटकाला पोती अशी घट्ट रचलेली की मुंगीलाही फट नाही. बघता बघता तळमजल्यात गुडघाभर पाणी. पलीकडे रस्ता नुसता ओला होता. लोक छत्र्या घेऊन पोत्यांवरून आत डोकावत होते आणि आमचा पूर बघून हळहळत होते.

हे पोती काढायला धावले, तर कप्तान गच्चीवरून येऊन आडवे. वरून आदेश आल्याशिवाय एक पोतं हलणार नाही, म्हणे. आमचे हे तिथेच थांबले. (भिडस्त.) तेवढ्यात मावशी जिना उतरून पाण्यातून चालत आल्या, साडी खोचलेली, हातात कात्री. खालच्या पोत्यांना त्यांनी कापड कापावं तशा सरळ चिरा दिल्या. वाळू खचली आणि सगळं पाणी रस्त्यावर गेलं. (हळहळणारे पळाले.)

कप्तान म्हणाले, "ती पोती सरकारी होती."

"मग सरकारला पाठवा माझ्याकडे," मावशी म्हणाल्या, "शिवून देते."

त्यांच्या खोलीत चिखल झालाय, पलंग गेला, पण मशीन वर होतं म्हणून वाचलं. रात्रभर त्या दाताच्या खुर्चीत पाय पसरून झोपल्या. वादळ मात्र तिकडच्या तिकडे दुसरीकडे वळलं. कप्तानांनी हे आपल्या पूर्वतयारीचं यश असल्याची नोटीस लावली आहे.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणतात, युक्तीबिक्ती काही नाही. तोंडावर वादळ असताना कुणी पडदे शिवतं का? पण माझा चेहरा इतका उतरलेला दिसला की त्यांना वाटलं, हिला सोबत हवी.

ता. क. २. आत्ताच बातमी आली, वादळ परत आमच्याकडे वळलंय. पंप त्या दिवशी चालून चालून जळालाय आणि भरलेली टाकीही संपली, त्यामुळे इमारतीत प्यायला थेंब नाही. तुझं घर टेकडीवर आहे आणि तुझी मागची खोली रिकामी असते, असं हे सहज म्हणाले.

ता. क. ३. आगाऊ कळवल्याशिवाय आलेलं तुला खपत नाही, म्हणून रीतसर कळवते आहे. पाकिटावर तिकीट नाही याचं आश्चर्य करू नकोस, ते मी दाराखालून सरकवलंय. आम्ही तिघं बाहेर उभे आहोत. वाचून झालं असेल तर कडी काढ.