रविवारची मुलगी

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टपालानं आलेलं पत्र बघून घाबरू नकोस. आम्ही दोघं ठीक आहोत. हातपाय गाळलेत ते आपल्या कॉम्प्युटरनं. गेल्या रविवारी तू दिसली नाहीस, त्यात तुझ्या इंटरनेटचा दोष नव्हता. पडद्यावर पाटी आली की ही सिस्टीम जुनी झाली, समोरासमोर बोलण्याचा प्रोग्रॅम आता तिच्यावर चालायचा नाही, नवी घाला. पाठोपाठ मेलही रुसला. फोनवर सांगितलं असतं, पण माझे कान तुला माहीत आहेत. तू एक विचारतेस, मी भलतंच उत्तर देतो, आणि शेवटी दोघंही दमून फोन ठेवतो. पत्रात निदान मला कमी ऐकू येत नाही.

चौकातला दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. नवी सिस्टीम घालता येईल म्हणतो, पण मग आईचा अक्षरं जुळवायचा, कंपोजिंगचा प्रोग्रॅम जाईल. तो बनवणारी कंपनीच आता राहिली नाही. छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी तिला तिचा कॉम्प्युटर घरी नेऊ दिला, त्याच्यासोबत आलेला तो प्रोग्रॅम. नव्यावर दुसरा मिळेल, पण त्यातली अक्षरं दुसऱ्याच कळांवर असतात.

आता तू म्हणशील, काय बिघडलं. तर ऐक. रविवारी अर्धा तास बघून तुला कळत नाही, म्हणून लिहितो. सकाळी चहा झाला की ती त्या खुर्चीवर बसते. मी जुन्या पुस्तकातली चार पानं तिच्यापुढे ठेवतो. ती त्यातला मजकूर जुळवते, छापून माझ्याकडे देते, मी लाल पेनानं चुका काढतो, ती दुरुस्त करते. ती कंपोजिंगला, मी प्रूफं वाचायला, असा संसार आम्ही छापखान्यातच सुरू केला होता. आता पुन्हा तिथेच आलो आहोत. एकदा मी दया येऊन कोरं प्रूफ परत दिलं, तर भडकली. डोळे गेले का तुमचे, म्हणाली. आणि न दाखवलेल्या चुका मला बोट ठेवून दाखवल्या. स्वयंपाकघर कुठे ते तिला आठवत नाही, अंघोळ झाली की नाही ते आठवत नाही. पण त्या पडद्यापुढे बसली की ती अजून तीच असते, ठमे. मी हल्ली तिचा नवरा नाही, प्रूफवाला आहे. असो, प्रूफवाल्याला मान आहे.

दुसरा उपाय करून पाहिला. दुरुस्तीवाल्यानं स्वतःचा फोन तिच्यासमोर धरला, त्यात त्याची बहीण बोलत होती. एवढ्याशा डबीत बाईला कोंडलंय म्हणून ही घाबरली. तिच्या मागे उभं राहून पडद्याजवळ धरला, तर मागे कोणी उभं राहिलं की तिचे हात थांबतात. ती जुनी खोड आहे. उसना कॉम्प्युटर आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला, तर दुसऱ्याच्या कचेरीत आल्यासारखी हात मांडीत घेऊन बसून राहिली. तिच्या टेबलावरच्या त्या यंत्रातली, पडद्याच्या कोपऱ्यात हसणारी, तेवढीच मुलगी ती ओळखते. रविवारची मुलगी म्हणते तुला. त्या रविवारी दोनदा विचारलं की ती आली नाही का.

म्हणजे नवी घातली तर तू परत येशील आणि तिचं काम जाईल. जुनी ठेवली तर काम राहील आणि तू जाशील. मला ठरवता येत नाही. तू सांगशील तसं.

तब्येतीला जप.
तुझा,
बाबा

ता. १९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र कामावर जाताना रेल्वेच्या डब्यात उभ्याउभ्याच वाचलं. इथे राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण होईपर्यंत मला हा देश सोडता येत नाही. आत्ता निघाले तर परत घेणार नाहीत. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली परक्या लोकांच्या पेशी बघते, आणि आपल्या आईचं तोंड बघायचं तर एका पाटीनं आडवं यावं, याचा मला संताप येतो. कोणावर काढू तेही कळत नाही, म्हणून तुमच्यावर काढते. राग मानू नका.

बाबा, नवी सिस्टीम घाला. तुम्ही आईला फार कच्चं समजता. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या सगळ्यांनी कॉम्प्युटर बघून कपाळाला हात लावला होता, तेव्हा हीच एकटी पुढे झाली आणि पंधरवड्यात शिकली, हे तुम्हीच मला शंभरदा सांगितलंय. कळा बदलल्या तर बदलल्या. आठ दिवस चिडेल, तुम्हाला बोलेल, मग शिकेल. तुम्हाला बोलून घ्यायची सवय आहेच.

आणि खरं सांगू का, मला ती हवी आहे. मी कोण ते तिला कळत नाही, हे मला माहीत आहे. पण ती मला बघून हसते. मागच्या महिन्यात म्हणाली, तुम्ही केस कापलेत, बरे दिसतात. आठवडाभर मी तेवढ्यावर चालले. तेही गेलं तर माझ्याकडे तिचं काही उरत नाही. हा स्वार्थ असेल तर असू दे.

दुरुस्तीवाल्याला शुक्रवारी बोलवा. जुनी डिस्क फेकू नका म्हणावं, काढून बाजूला ठेव.

आईच्या पाठीवरून हात फिरवा, माझ्या वतीनं. तुम्ही रोज फिरायला जाता की नुसतं सांगता?

तुमची,
ठमी

ता. १० मार्च

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फार आनंदात होतीस. पडद्यावरून जाताना म्हणालीस, बघा बाबा, मी सांगितलं नव्हतं का. आई शेजारी बसली होती, तिच्यासमोर खरं सांगता येईना. आज लिहितो. बसून वाच.

शुक्रवारी नवी सिस्टीम आली. शनिवारी सकाळी मी पानं ठेवली आणि ती बसली. पडदा निळा व्हायचा तो पांढरा झाला. नेहमीच्या जागी हात गेले आणि भलतीच अक्षरं उमटली. तिनं पुसली, पुन्हा जुळवली, पुन्हा भलतीच. चिडेल म्हणून मी वाट बघत होतो. ती चिडली नाही, ठमे. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं हात मांडीवर घेतले, उलटेसुलटे करून बघितले, आणि मग हळूच मला विचारलं की तिला कामावरून काढलं आहे का.

मी नाही म्हणालो. हजारदा म्हणालो. तिचं म्हणणं, काढल्याशिवाय टेबल कोण बदलतं. तिच्या हातून काही मोठी चूक गेली असेल तर प्रूफवाल्यानं आधी तिला सांगायला हवं होतं, वर कळवायला नको होतं. मीच चहाडी केली असं तिला वाटतंय. दोन दिवस माझ्या हातचं जेवली नाही.

तू म्हणालीस, आई किती छान तयार झाली होती. केस नीट विंचरले होते, ठेवणीतले कपडे घातले होते, पायात चपला होत्या. पण ती काही तुझ्यासाठी तयार झाली नव्हती. मालकांना भेटून हातापाया पडायला निघाली होती. दाराला कडी होती म्हणून थांबली, आणि तेवढ्यात तू पडद्यावर आलीस.

आणि तिनं तुला विचारलं, वर तुमची काही ओळख आहे का. ती चेष्टा करते आहे असं तुला वाटलं. तू हसत म्हणालीस, आहे ना, चांगली आहे. तेव्हा तिनं हात जोडले, ते तुला दिसलं नाही, कॅमेरा वर होता. तेव्हापासून ती दाराजवळच्या खुर्चीत निरोपाची वाट बघत बसली आहे. टेबलाकडे फिरकत नाही.

तुझी चूक नाही. तिच्या जुन्या हुशारीवर मीही भरवसा ठेवला, तुझ्यापेक्षा जास्त. आपण दोघं तिला ओळखतो, तीच आपली अडचण झाली.

दुरुस्तीवाला म्हणतो, जुनी डिस्क परत लावता येईल. पण मग रविवार संपला, कायमचा. मला तुझ्याकडे हे मागायला तोंड नाही. तू नको म्हणालीस तरी मी समजेन.

काळजी घे.
तुझा,
बाबा

ता. २४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आल्यावर पहिले दोन दिवस मी काहीच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर अजून एक रविवार द्या, असं लिहिलं असतं. तुम्ही पत्र लिहिल्यानंतरच्या दोन्ही रविवारी कॉम्प्युटरवर मीच फोन लावला होता आणि आई पडद्यासमोर आली नाही. तुम्ही कॅमेरा खुर्चीकडे वळवलात. ती दाराकडे तोंड करून बसली होती. मला तिची मान दिसली. एवढी बारीक झाली आहे, बाबा?

जुनी डिस्क लावा. आजच लावा. तुमच्या हातात पत्र पडेल त्या दिवशी त्याला बोलवा, उद्यावर टाकू नका.

आणि तिला निरोप सांगा. रविवारच्या मुलीनं वर शब्द टाकला म्हणावं. चौकशी झाली, तिच्या कामात काही खोट निघाली नाही, यंत्रच बिघडलं होतं. प्रूफवाल्यानं काही कळवलं नव्हतं. तिला कोणी काढलेलं नाही आणि कोणी काढणार नाही. नीट सांगा, कागद हातात धरून सांगा, तिचा कागदावर विश्वास आहे.

ती विचारेल, मुलगी कुठे गेली. दुसऱ्या गावी बदली झाली म्हणा. ते काही फार खोटं नाही.

मला राहवत नाही, पण मी राहीन. परवाना जूनपर्यंत होईल असं म्हणतात. मी येईन तेव्हा दारात नवी बाई बघून ती काय म्हणेल ते म्हणू दे. तुम्ही मात्र मला घरातली प्रत्येक गोष्ट लिहीत जा. ती काय खाते, किती पानं जुळवते, तुम्हाला किती बोलते. काही गाळू नका. मला बरं वाटावं म्हणून काही रचू नका.

आता थांबते. अक्षर बिघडलं आहे, ते तुम्ही पाहिलंच असेल.

तुमची,
ठमी

ता. १६ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं त्याच दुपारी दुरुस्तीवाला आला आणि जुनी डिस्क बसली. संध्याकाळी तुझा निरोप मी उभं राहून, कागद हातात धरून वाचला. तिनं तो दोनदा वाचून घेतला. मग उठून थेट टेबलाशी गेली. पडदा निळा झाल्यावर ती रडली. मीही रडलो, पण स्वयंपाकघरात.

आता पाच पानं जुळवते. पोळी नको म्हणते, भात खाते. मला बोलते, भरपूर. काल म्हणाली, प्रूफवाले, तुम्ही उगाच संशयात सापडलात, माफ करा. काही रचलेलं नाही, हे सगळं घडलं तसं आहे.

तुझ्याबद्दल विचारलं. बदली झाली, असं सांगितलं. तिला वाईट वाटलं. मग पानं बाजूला सारून, समोर काही मजकूर नसताना, तिनं आपल्या मनानं काही जुळवलं. पुष्कळ वेळ लागला. छापून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, त्या मुलीचा पत्ता मिळवा आणि हे पोचवा. सोबत ठेवतो आहे.

ठमे, घरी कोणी असेल तेव्हाच वाच.

तुझा,
बाबा

(सोबतचा कागद)

रविवारच्या मुलीस,
सा. न. वि. वि.

आपली माझी फारशी ओळख नाही. तरी आपण माझ्यासाठी वर शब्द टाकलात आणि माझं काम वाचवलंत. एवढं आजकाल सख्खं माणूससुद्धा करत नाही.

आपली बदली झाल्याचं कळलं. रविवारी जरा चुकल्यासारखं होतं. नव्या जागी जेवणाची आबाळ करू नये. आपण हसता छान, तेवढं ठेवावं.

मला मूलबाळ आहे की नाही ते मला आठवत नाही. कोणाला विचारायची लाज वाटते. मुलगी असली, तर आपल्यासारखी असावी असं वाटलं, म्हणून कळवते.

आपल्या आईला माझा नमस्कार सांगावा. त्या भाग्यवान आहेत.

कळावे, ओळख ठेवावी ही विनंती.

आपली,
कंपोजिंग विभाग