फोनला हवं मामंजींचं नाव

अहो, मी काराकोलला मामंजींकडे चाललेय. तुमच्या जेवणाचे खिम्याचे समसे भाजून कापडाखाली झाकून ठेवलेत.

सकाळी हात कणकेत होते, म्हणून फोनला नेहमीसारखं म्हटलं, ‘पांढऱ्या दाढीला लाव.’ पण नवं अपडेट आल्यापासून त्याला आपण ठेवलेली टोपणनावं चालत नाहीत. खरं नावच घ्या म्हणतो! सून सासऱ्यांचं नाव घेते का कधी? ‘डोंगरवाले’ म्हटलं, तर मेल्याने डोंगरातलं हवामान सांगितलं. जुनी सोय कुठे दडवलीय म्हणून सगळा फोन धुंडाळला, तर ती काढूनच टाकलीय. कुणाला नडत होती कोण जाणे!

शेवटी हात धुऊन बोटानेच लावला. मामंजींना खोकल्याने बोलवेना, म्हणून निघाले.

एक मात्र कळत नाही. त्यांचं नाव घ्यायची बंदी मला आहे. त्यांच्याशी झालेल्या त्या भांडणापासून तुमची जीभ कुणी बांधलीय?

— बेगायीम