आतड्याला पडलेले खिसे

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार, तोही बसल्या जागेवरून, कारण वाकायला अजून आठवडाभर बंदी आहे. तुझी तब्येत विचारत नाही. तू 'ठणठणीत' म्हणून लिहिणार आणि वहिनी फोनवर सांगणार की परवा पुन्हा डाव्या बाजूची ती कळ आली आणि तू पोट धरून जमिनीवर आडवा झालास.

'ऑपरेशन कसं झालं ते खरं सांग, मग माझं बघू' असं लिहिलंस. सांगतो. अंगाचा नुसता तिळपापड होतोय. डॉक्टर म्हणाले, आतड्याला खिसे पडलेत, ते सुजतात. (तुझंही हेच दुखणं. एकाच ताग्यातले आपण.) चौतीस वर्षं लोकांच्या पँटींना खिसे लावले, आता माझेच काढायचे म्हणून गप्प पडून राहिलो. दुर्बिणीतून करू म्हणाले; मला वाटलं, लांबून करतील. कसलं काय. पोटाला चार भोकं पाडली, त्यांतलं एक तीन बोटं रुंद केलं, वीतभर आतडं कापलं आणि टोकं जोडली ती स्टेपलरने. शिंप्याच्या पोटात स्टेपलर. वरून तर टाकाही नाही, कसलासा डिंक फासलाय. असं काम मी केलं असतं तर गिऱ्हाईकाने पँट तोंडावर फेकली असती.

पुढे वारा सरेपर्यंत जेवण बंद. नर्स वही घेऊन सारखी विचारायची, "काका, गॅस पास झाला का?" मग हिने विचारलं, झाडूवाल्या बाईने विचारलं, ज्याच्यासमोर मी कधी बनियनवर बसलो नाही त्या जावयानेही फोन करून विचारलं. तिसऱ्या दिवशी एकदाचा सरला, तर हिने व्हरांड्यात उभं राहून व्याह्यांना फोनवर ओरडून कळवलं. आता त्यांना तोंड कसं दाखवू?

त्यात रिपोर्ट आला साधा, कर्करोगबिर्करोग काही नाही. भेटायला आलेल्यांचे चेहरेच पडले. मामांनी खास गाडी करून येऊन माझा सदरा वर करायला लावला, भोकं पाहिली आणि म्हणाले, "एवढंच?" पाचव्या दिवशी मला घरी हाकललं. पंधराव्या दिवशी दुकान उघडलं, तर गिऱ्हाईक म्हणतं, गावाला गेला होतात का.

तुझा संतापलेला,
धाकटा

ता. क. मंगळवारी त्याच डॉक्टरांकडे तुझं नाव घातलंय. वहिनीने तुझी बॅग भरून ठेवलीय. एखादा खिसा फुटला तर काय होतं ते डॉक्टरांनी मला सांगितलंय, आणि तेव्हापासून मी घाबरलोय. मुकाट्याने ये.

आणखी एक. पत्र परत वाच. एवढ्या तक्रारी केल्यात, पण ऑपरेशननंतर मला ती कळ आल्याचं कुठे लिहिलंय का, शोधून बघ.